पडवीतली शाळा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी माणसं असतात, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. तशी माणसं परदेशात असावीत, फार तर पुण्या-मुंबईच्या बड्या वस्त्यांतून असावीत, अशी माझी समजूत होती. ती आमच्याच पणदऱ्याच्या घरी, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करतील असं काही वाटलं नव्हतं.

मी नोकरीपायी पुण्याला असतो. गावी आई एकटी. तिला सोबत हवी म्हणून मागच्या खोल्या भाड्यानं दिल्या. कुटुंब ख्रिस्ती. नवरा जवळच्या एका कारखान्यात फिटर, बायको बी. एड. झालेली. मोठी मुलगी अकरा वर्षांची, मधला मुलगा आठांचा, धाकटी पाचांची. आणि गेल्या आश्विनात घरात चौथ्या पाहुण्याची वाट पाहणं चाललेलं. नवऱ्याच्या नोकरीमुळं सहा वर्षांत चार गावं झाली. मोठीच्या तीन शाळा बदलल्या. दर शाळेत ती मागच्या बाकावर जाऊन बसे आणि हळूहळू बोलायचीच बंद होई. चौथ्या गावी आईनं ठरवलं, आता घरीच.

दसऱ्याला मी गावी गेलो, तेव्हा माझ्यातला प्राध्यापक गप्प बसेना. म्हटलं, "ताई, हे काही मला पटत नाही. उद्या परीक्षा कुठली देणार ही मुलं?"

"सर, चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देता येते," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि गावात पाय टिकला तर शाळेतही घालू. शाळेशी माझं काही भांडण नाही."

भांडणच नाही म्हटल्यावर वाद घालणार कसा? मी चहा पिऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली ती पाढ्यांनी. पडवीत दिवा लागला होता. आधी छोटीशी प्रार्थना झाली, मग पाढे, मग शुद्धलेखन. स्वयंपाक आणि धुणं सुरू व्हायच्या आत शिकवणं उरकायचं, असा बाईंचा नेम. गणितं घरचीच. बाळ चाळीस आठवड्यांनी येतं, तर दिवस किती? मधल्यानं पाटीवर दोनशे ऐंशीचा आकडा काढला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात उरलेल्या चौकटी मोजल्या. भूगोल दाराबाहेरचा. नीरा डाव्या कालव्याला पाणी येतं कुठून? वीर धरणातून. शाळूची पेरणी आताच का? कालव्याकडेच्या रस्त्यानं बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागल्या की धाकटी विचारी, "त्या मुलांची शाळा कुठं असते?" या प्रश्नाला त्या माऊलीजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळ तरी कुठं होतं?

अंथरुणात पडल्या पडल्या मला एकाएकी पंडिता रमाबाई आठवल्या. दरवर्षी वर्गात मी त्यांच्यावर बोलतो, आणि चांगलं बोलतो अशी माझी ख्याती आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या अरण्यात संसार मांडला. तिथं १८५८ साली रमाबाई जन्मल्या. वडील थकलेले, तेव्हा आईनंच कामाची घाई सुरू होण्यापूर्वी, भल्या पहाटे लेकीला उठवून शिकवलं. कुठल्याही शाळेची पायरी न चढलेली ती मुलगी १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांकडून 'पंडिता' झाली. पुढं ख्रिस्ती झाली, आणि इथून जवळच, दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून तिनं हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. वर्गात मी हे सांगू लागलो की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा डोळे टिपतात. सावित्रीबाई फुलेही १८४८च्या आधी घरीच शिकल्या, हेही मी जोडून देतो. घरच्या शाळेचा असा महिमा गाणारा मी, आदल्या दिवशी त्या बाईंना काय ऐकवून आलो होतो!

पुण्याला परतलो. पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. डॉक्टरांनी बाईंना सक्त विश्रांती सांगितली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचं एक मूल असंच शेवटच्या महिन्यात हातचं गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. "पोरं गप गप असतात रे," आई म्हणाली. "पण शाळा चालू हाय. मोठी घेती."

दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर पडवीत शाळा भरली होती. आतल्या खोलीचं दार उघडं. बाई खाटेवर पडून ऐकत होत्या. मोठी हातात पट्टी घेऊन उभी. पुढं मधला, धाकटी आणि त्यांच्या शेजारी, शेंगांची पाटी बाजूला सारून, मांडीवर दगडी पाटी घेतलेली माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई! धाकटीला अक्षरं शिकवताना ही शेजारी बसून शेंगा फोडी. एक दिवस मोठी म्हणाली, "आजी, तू पण काढ की." झालं. तेव्हापासून आमची आई त्या पोरीला 'बाई' म्हणू लागली होती.

मला पाहताच आईनं पाटी पदराखाली लपवली. पाटी लपवायची वेळ खरं तर माझ्यावर यायला हवी होती. वीस वर्षं मी मराठी शिकवतो. हजारो मुलं हाताखालून गेली. दर वर्षी बँकेत नेऊन मी या आईचा अंगठा शाईत बुडवी, कागदावर दाबी आणि मग स्वतःच्या रुमालानं पुसून देई. त्याला मी मातृसेवा समजत होतो! तिला अक्षर शिकवावं, असं एकदाही मनात आलं नाही. अनंतशास्त्र्यांचं कौतुक वर्गात करायचं असतं. घरी त्याचा काय संबंध?

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगाचं पाणी तापत असतानाच बाईंच्या पोटात दुखू लागलं. शेजाऱ्यांची जीप काढून नवरा त्यांना बारामतीला घेऊन गेला. मुलं आमच्याकडे. फराळाचं ताट कुणी शिवेना. मधला कालनिर्णयापाशी उभा राहून म्हणाला, "अजून सोळा दिवस होते." गणित चुकल्याची ती भीती नव्हती, हे सगळ्यांनाच कळत होतं. मोठीनं मग पाटी-पेन्सिल काढली. "रोजची वेळ झाली," एवढंच म्हणाली आणि भावंडांना समोर बसवलं. आईही जाऊन बसली.

नऊच्या सुमारास फोनवर निरोप उमटला. मी हात पुढं केला. मोठी जागची हललीच नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यात आईनं फोन माझ्या हातून घेतला.

"थांब. मी वाचते."

तिनं तो खिडकीपाशी उजेडात धरला आणि अक्षराखालून बोट फिरवू लागली. "मु... ल... गी. मुलगी... झा... ली." धाकटीनं श्वास सोडला. मोठीनं नाही, तिची नजर पुढच्या शब्दावर. "दो... घी..." आणि आई अडली. मोठं अक्षर होतं. तिनं मान वर करून आपल्या बाईंकडे पाहिलं. मोठी पुढं झाली, पण सांगितलं नाही. आजीच्या बोटावर आपलं बोट ठेवून नुसती वाट पाहत राहिली.

"सुख," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "रूप. सुख, रूप... सुखरूप!"