प्यूजो २०५ जीटीआयची उंची कमी करताना

रोजच्या वापराच्या छोट्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून तयार होणाऱ्या गाडीला हॉट हॅच म्हणतात. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची २०५ जीटीआय ही या प्रकारातली अभिजात गाडी. १९८४ साली ती १.६ लिटरच्या, १०५ अश्वशक्तीच्या इंजिनासह आली आणि १९८६च्या अखेरीस तिला १.९ लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. वजन नऊशे किलोच्या आत असल्याने ही ताकद तिला पुरून उरते. येथे सांगितलेले काम इंग्लंडमधल्या एका घरगुती गॅरेजमध्ये, १.९ लिटरच्या गाडीवर केलेले आहे. गाडी पुढून-मागून सारखीच, ३० मिलिमीटर खाली आणायची होती.

या गाडीचे पुढचे आणि मागचे सस्पेन्शन निरनिराळ्या तऱ्हेचे आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअपभोवती बसवलेली गुंडाळी स्प्रिंग. मागे अशी स्प्रिंगच नाही. तिथे आडवे बसवलेले पोलादी टॉर्शन बार असतात. बारचे एक टोक गाडीशी जखडलेल्या भागात आणि दुसरे चाकाच्या आर्ममध्ये खाचांनी अडकलेले असते. चाक वर गेले की ओला पंचा पिळावा तसा बार पिळला जातो आणि पूर्ववत होण्याच्या ओढीने चाक पुन्हा खाली दाबतो. मागचे शॉकअपही जवळजवळ आडवेच असल्याने डिकीत भरपूर जागा मिळते. प्यूजो ३०९चा मागचा भागही याच तत्त्वावर चालतो. १९९०च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सबरोबरच्या भागीदारीत ती गाडी कल्याणला तयार होत असे. तिच्यावर हात फिरवलेल्या मेकॅनिकांना हे बार ओळखीचे वाटतील.

उंची किती कमी करायची, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवावे लागते. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर बाहेरच्या चाकांकडे कमी वजन सरकते. हा फायदा खरा आहे, पण त्याला मर्यादा आहे. बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर, पुढचा खालचा आर्म चाकाच्या बाजूने वर चढू लागला की गुरुत्वमध्यापेक्षाही भरभर खाली जातो. दोहोंतले अंतर वाढले की बॉडी कलवणारी तरफ लांबते आणि खाली आणलेली गाडी वळणावर उलट जास्त झुकू पाहते. स्टिअरिंगच्या रॉडचा कोनही बिघडतो, त्यामुळे खड्ड्यातून जाताना चाक आपोआप थोडे वळते. ३० मिलिमीटरपर्यंत हे परिणाम आटोक्यात राहतात, म्हणून तोच आकडा धरला.

सुरुवात मापाने केली. सपाट फरशीवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवले. मग मागची चाके पाहिली. या गाडीत मागच्या आर्मची बेअरिंग झिजली की चाकांचे माथे आत झुकतात आणि चालताना कुरकुर ऐकू येते. अशा वेळी उंचीला हात न लावता आधी बेअरिंग बदलणे हेच योग्य. या गाडीचे आर्म घट्ट होते, त्यामुळे पुढचे काम हाती घेता आले.

पुढची बाजू तुलनेने सोपी. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, चाके काढली, हबवरचा आवळ बोल्ट सैल करून स्ट्रट बाहेर घेतला. त्या वेळी हब बाहेर ओढला जाऊ नये म्हणून तो तारेने बांधून ठेवला. नाहीतर ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा सुटतो. स्प्रिंग काढण्याआधी ती कॉम्प्रेसरने दोन्ही बाजूंनी सारखी दाबावी लागते. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हाडे मोडण्याइतका जोर साठलेला असतो, त्यामुळे तिच्या रेषेत कोणी उभे राहू नये. नवी स्प्रिंग आखूड आणि थोडी कडक होती. आखूड प्रवासात शॉकअप तळाला आपटू नये, यासाठी हा कडकपणा लागतो.

खरी कसोटी मागे लागली. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. वर्षानुवर्षे ते आत जाऊन बारच्या खाचा गंजाने जाम होतात. आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते, तरी आर्मभोवती गरम हवेची गन फिरवावी लागली. बारच्या टोकाच्या आट्यांत स्लाइड हॅमर बसवून ठोके दिल्यावर आधी तांबूस भुगा गळला आणि मग बार केसभर सरकला. डावा आणि उजवा बार अदलाबदल करता येत नाहीत, कारण प्रत्येक बार एकाच दिशेने पिळण्यासाठी घडवलेला असतो. म्हणून बाहेर काढताच त्यांवर रंगाच्या खुणा केल्या.

नवी उंची ठरवण्यासाठी शॉकअपच्या जागी त्याच मापाचा, लांबी कमी-जास्त करता येणारा आट्यांचा दांडा लावला. त्यामुळे आर्म हव्या त्या कोनात धरून राहतो. बारच्या दोन टोकांना खाचांची संख्या वेगवेगळी असते. बार थोडा थोडा फिरवत गेले की एका विशिष्ट स्थितीत दोन्हीकडच्या खाचा एकाच वेळी जुळतात. तोवर तो आत जायचे नाव घेत नाही. खाचा जुळल्या की मात्र ग्रीस लावलेला बार हाताच्या दाबाने सरळ आत जातो. याच युक्तीमुळे उंची काही मिलिमीटरच्या अचूकतेने साधता येते.

चाके लावून गाडी जमिनीवर आल्यावरच पुढच्या आर्मच्या बुशांचे बोल्ट शेवटचे आवळले. चाक लोंबकळत असताना ते आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. गाडी थोडी चालवून पुन्हा माप घेतले, मग पुढच्या चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख नव्याने जुळवून घेतला. आखूड स्प्रिंग चाक लोंबकळतानाही आपल्या जागेवर राहते ना, हेही तपासले. तिथली वार्षिक तपासणी याच कारणासाठी गाडी नापास करू शकते. विमा कंपनीलाही हा बदल कळवावा लागतो.

रस्त्यावर फरक स्पष्ट जाणवला. गाडी वळणात लवकर शिरते, कमी झुकते आणि स्टिअरिंगला तत्काळ उत्तर देते. त्या बदल्यात खराब रस्त्याचा प्रत्येक उंचवटा पाठीला कळतो आणि गतिरोधक जपून ओलांडावे लागतात. ऐन वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागची बाजू बाहेर धावते, हा २०५चा मूळ स्वभाव लोअर केल्यानंतरही कायम राहतो. काढलेल्या मूळ स्प्रिंग जपून ठेवाव्यात, कारण जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळ भागांवर ठरते. आणि खर्चाला मर्यादा असेल, तर आधी मागची बेअरिंग, बुश आणि चांगले शॉकअप यांवर पैसा घालावा. उंची कमी करण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे.