वाईचा घाट आणि सायकलचीं पायडलें

पुण्याहून वाईस सायकलनें जाणारीं मंडळी आतां पुष्कळ आढळतात. कात्रज ओलांडावा, शिरवळास नीरा उतरावी, खंबाटकीचा चढ चढावा आणि सुरूरास हमरस्ता सोडून उजवीकडे वळावें, कीं वाई फार दूर राहत नाहीं. रस्ता कोणीहि सांगेल. आम्हांस सांगावयाचें आहे तें पायांखालच्या एका लहानशा वस्तूविषयीं. कारण वाई हें गांव सायकलवरून उतरून पायीं फिरण्याचें आहे, आणि गांवामागचा पसरणीचा घाट सायकलवर बसूनच चढण्याची हौस असते. एकाच पायडलानें हीं दोन्ही कामें कशीं भागावींत?

आमच्या घरांत गिअरची चांगली सायकल एकच. ती पुतण्यानें घेतली खरी, परंतु एकत्र कुटुंबांत आलेली वस्तु एकट्याची राहत नाहीं. त्यानें तिला शर्यतीचीं पायडलें बसविलीं. या तऱ्हेंत बुटाच्या तळव्यास तीन स्क्रूंनीं प्लॅस्टिकची एक जाड पट्टी लावतात. तिला क्लीट म्हणतात, व ती पायडलाच्या पकडींत खट्‌दिशीं अडकते. ही युक्ति फ्रान्सांतील लूक कंपनीनें १९८४ सालीं बाजारांत आणली. बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांस बूट जखडण्याच्या साधनांचा तिचा मूळ धंदा. त्यांतूनच ती सुचली. पुढच्याच वर्षीं बर्नार इनो यानें तीं पायडलें वापरून फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत जिंकली. शर्यतींत तीं उत्तमच. पण चपला घालून त्यांवर पाय ठेवला, तर तो साबणाच्या वडीवर ठेवल्यासारखा निसटतो. सबब आठवड्याचे सहा दिवस सायकल पडवींत उभी!

अशांत आमच्या थोरल्या बंधूंनीं, वय वर्षें चौसष्ट, जाहीर केलें कीं यंदा पसरणी आपण सायकलनें चढणार. पुण्याहून वाईपर्यंत चिरंजिवांनीं सायकल आणावी व तेथून ती आपल्या स्वाधीन करावी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मग तुम्हीहि क्लीटचे बूट घ्या." दादांनीं स्वच्छ नकार दिला. "माझा पाय केव्हांहि जमिनीस लागला पाहिजे. या वयांत हाड मोडलें, तर तुझ्या आईला निस्तरावें लागेल." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, परंतु त्यांचा चेहरा पाहून पायडलें बदलण्याचा ठराव एकमतानें पास झाला.

बदलावीं तर कोणतीं? एका जातींत दोन्ही बाजूंस पकड असते व तिच्याभोंवतीं रुंद चौकट. क्लीटवाल्यास ही सोयीची. पाय कसाहि ठेवा, अडकतोच. साध्या बुटास मात्र मधली पकड बोंचते आणि पाऊल तिच्यावर डुलत राहतें. दुसऱ्या जातींत एका बाजूस पकड, दुसरी बाजू सपाट व खरखरीत. येथें दोघांचेंहि समाधान होतें. फक्त निघतांना पायडल पायानें उलटवून हवी ती बाजू वर घ्यावी लागते. चौकांत चौकांत थांबणाऱ्यास याचा कंटाळा येईल. तथापि ज्या घरांत एकाच सायकलवर बापलेक बसतात, त्या घरानें ही दुसरी जातच घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पण नुसतें पायडल बदलून भागत नाहीं, बूटहि बदलावे लागतात. जपानच्या शिमानो कंपनीनें १९९० सालीं डोंगरी सायकलींसाठीं जी पद्धत काढली, तिच्यांतील क्लीट लहान, पोलादी, दोन स्क्रूंची असते व बुटाच्या जाड तळव्यांतील खळग्यांत बसते. त्यामुळें माणसास माणसासारखें चालतां येतें; तीन स्क्रूंच्या बुटांत बदकासारखें चालावें लागतें. दुबाजू पायडलें सामान्यतः या दोन स्क्रूंच्या क्लीटचींच मिळतात.

बसवितांना एक गोष्ट ध्यानांत असावी. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. आट्यांस ग्रीस लावावें व प्रथम हातानेंच फिरवावें. बळ केल्यास क्रँकचे आटे जातात. पकडीची स्प्रिंग आरंभीं अगदीं सैल ठेवावी. टांच बाहेर वळविली कीं पाय सुटतो. ही संवय भिंतीस हात टेकून, उभ्या सायकलवर, दोन्ही पायांनीं वीस-पंचवीस वेळां करावी, आणि मगच रस्त्यावर जावें.

वाईंत पुतण्या त्याच बुटांनीं गणपति-आळीच्या घाटापर्यंत चालत आला. कृष्णेच्या पायऱ्या ओल्या होत्या. तेथें पोलादाचा भरंवसा धरूं नये हें जाणून त्यानें बूट वरच काढले. तसेहि ढोल्या गणपतीच्या दर्शनास ते काढावयाचेच! १७६२ सालीं रास्त्यांनीं बांधविलेलें हें देवालय, त्याची पुराच्या पाण्यास तोंड देणारी मत्स्याकार मागची भिंत, आणि पुढें मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा व वसईहून आलेली ती प्रचंड घंटा, हें सारें पाहण्यांत अर्धा दिवस गेला.

दुसरे दिवशीं पहाटे दादांनीं सपाट बाजू वर घेतली व कापडी बुटांनीं घाट धरला. चिरंजीव मोटरींतून मागें. क्लीटनें पाय वर ओढूनहि जोर मिळतो असें पुष्कळजण सांगतात. आमच्या मतें त्यांत अतिशयोक्ति फार. चढावर काम होतें तें मुख्यतः पाय खालीं दाबूनच. क्लीटचा खरा उपयोग पाऊल जागच्या जागीं राहण्याचा. दादा लहान गिअर लावून बैलगाडीच्या चालीनें गेले. चार वेळां थांबले. प्रत्येक वेळीं पाय सहज जमिनीवर आला आणि चढावरच पुन्हा निघतांना पायडल शोधावें लागलें नाहीं. तिसऱ्या थांब्यावर खालीं धोमचें पाणी उन्हांत चमकूं लागलें होतें. तेथें त्यांनीं पाणी पिण्याच्या मिषानें चांगलीं दहा मिनिटें काढलीं.

पांचगणीस पोंचल्यावर चहा झाला. पुतण्यानें पायडल पायानें उलटवलें, बूट अडकवला आणि तो महाबळेश्वराकडे निघाला. दादा मोटरींत बसले, आणि पहिला प्रश्न त्यांनीं केला तो हा, कीं असलीं पायडलें आपल्या जुन्या सायकलीसहि बसतील काय?