फियाटचं काय झालं?

हल्ली पेणला गेलो की भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो. लग्नाचं काय, ऑनसाईटचं काय, हे प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर गेलेत, त्याबद्दल फियाटचे आभारच मानायला हवेत. पण उत्तर काही दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकू.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. १९९२ चं मॉडेल, एमएच-०६ पासिंग, रंग एके काळी पांढरा. आजोबांनी रिटायर झाल्यावर घेतली, ते गेल्यावर मामाच्या नावावर झाली आणि मग मामाच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली जाऊन बसली. गॅरेज रोह्याला, कोलाडच्या रस्त्यावर. धाटाव एमआयडीसीत जा-ये करणाऱ्या बोलेरो आणि टेम्पोंवर ते चालतं. त्या गडबडीत २०२२ मध्ये फियाटच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण राहून गेलं. गाडी हलतच नव्हती, त्यामुळे कुणाला आठवलंही नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो वगैरे आले. मामाने तो पेपर वाचला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, सरळ मागे जाऊन ताडपत्री ओढली. दिवाळीला मी गेलो तेव्हा आम्ही दोघं तिच्यापुढे उकिडवे बसलो होतो. इंजिन हाताने फिरत होतं. गिअरबॉक्स ठीक. मागचा अ‍ॅक्सल ठीक. पण फ्लोअर? ड्रायव्हरच्या पायाखालून खालची माती दिसत होती. कोकणातला पाऊस पत्र्याला काय करतो ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

"बॉडी गेली," मामा म्हणाला. "पार्ट सगळे जिवंत आहेत."

इथे माझ्या डोक्यात किडा वळवळला.

माझ्याबद्दल थोडं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, लोणेऱ्याचा. म्हणजे डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी ऐरोलीत आयटीची. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स घोकून सध्या मी एका बँकेच्या व्यवहारांचे लॉग वाचतो. आमच्या बॅचमध्ये असे किती आहेत ते मोजायला बसलो तर बॅचच मोजावी लागेल. तक्रार नाही, पगार वेळेवर होतो. पण हाताला ग्रीस लागावं ही खाज काही जात नाही.

दुसरं कारण कार्ले खिंड. पेणहून अलिबागला जाताना वडखळ, पोयनाड मागे टाकलं की ही खिंड लागते. तिथे गिडो आणि शमा बोथे या दांपत्याची चिंकारा मोटर्स होती. २००० च्या दशकात त्यांनी चिंकारा रोडस्टर बनवली. लांब नाक, उघडी चाकं, दोन सीट, दारं नाहीत. आत अँबॅसडरमध्ये यायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, वर फायबरची बॉडी. लहानपणी अलिबागला जाताना तसली एक गाडी आमच्या एसटीच्या बाजूने गेली होती. मी खिडकीत उभा राहिलो आणि आईने शर्ट धरून खाली बसवलं. रायगड जिल्ह्यात गाडी *बनते*, हे मला त्या दिवशी कळलं.

ती गाडी ज्या घराण्यातली, ते घराणं म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये काढली. त्या वेळी इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. म्हणून लोक किट घ्यायचे आणि घरी जोडायचे. गंमत अशी सांगतात की किटबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागायचा, म्हणून कंपनी गाडी *सुटी कशी करायची* याच्या सूचना द्यायची. त्या शेवटून वाचायच्या! (असलं डॉक्युमेंटेशन मी ऑफिसात रोज वाचतो, फक्त तिथे कर वाचत नाही.) पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाने अडीचशे पौंडांत अशी गाडी घरी कशी बनवावी याचं पुस्तकच लिहिलं. एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची, तिचे अवयव काढायचे, एक इंची चौकोनी पाईपचा सांगाडा वेल्ड करायचा आणि अवयव त्यात बसवायचे. जुन्या गाडीला ते डोनर म्हणतात. अवयवदानच की हे.

डोनरला एकच अट: इंजिन पुढे उभं आणि ताकद मागच्या चाकांना. मारुती ८०० इथेच बाद होते, तिचं सगळं बिऱ्हाड पुढच्या चाकांवर. पण फियाट बरोबर बसते. १०८९ सीसी, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. पहिल्या सेव्हनमधल्या फोर्ड इंजिनचीही ताकद साधारण तेवढीच होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मामाला पटवायला दोन महिने लागतील असं वाटलं होतं. दोन मिनिटं लागली. "एक इंची, सोळा गेज? अरे, तो तर खिडकीच्या ग्रिलचा पाईप!" एवढंच म्हणाला आणि फॅब्रिकेशनवाल्याला फोन लावला.

पुढचं वर्षभर माझा प्रत्येक शनिवार-रविवार रोह्यात गेला. शुक्रवारी रात्री पेणला घरी, शनिवारी सकाळी नागोठणे-कोलाड करत बाईकवर रोहा. हायवेच्या कामाबद्दल लिहीत नाही, त्याला वेगळा लेख लागेल. फियाटला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. त्यामुळे "बॉडी उचलली आणि ठेवली बाजूला" असं होत नाही, ती कापावीच लागते. ग्राइंडर पहिल्यांदा छतावर टेकवला तेव्हा मामा चहा आणायला म्हणून गेला आणि बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने आला. मी विचारलं नाही.

सांगाडा मी वेल्ड केला. मामा म्हणत होता मी करतो, पण मला करायचा होता. पावसाळ्यात तर शनिवारी घासून चकचकीत केलेला पाईप रविवारी सकाळी तांबूस. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर खाली मजल्यावर आणायला दोन महिने गेले. इंजिन मागे सरकवलं म्हणून प्रोपेलर शाफ्ट लेथवाल्याकडून आखूड करून घेतला. नाकाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गाडीचं पुढचं गोल नाक पत्र्यात आम्हाला जमेना. शेवटी पेणला शाळेतला एक मित्र आहे, त्याचा गणपतीचा कारखाना. त्याने लाकडी पट्ट्यांवर शाडू थापला, ओला हात फिरवत फिरवत दीड तासात ते नाक असं काढलं की मी नुसता बघत राहिलो. "सोंडेपेक्षा सोपं आहे," म्हणाला. त्यावरून साचा घेतला आणि रेवदंड्याला होड्यांचं फायबर करणाऱ्याने त्यात मॅट आणि रेझिन भरून नाक करून दिलं. मूर्तीवाला आणि होडीवाला मिळून गाडीचं तोंड करतात, हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात होईल?

जानेवारी २०२५ मध्ये गाडी उभी राहिली. टेम्पोत घालून वजनकाट्यावर नेली, भरलेल्या टेम्पोतून रिकामा वजा केला: ५७० किलो. मूळ फियाट नऊशेच्या घरात.

चालवायची कुठे? मामाच्या एका गिऱ्हाईकाचं प्लॉटिंग आहे. रायगडात राहणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक असेल: कमान आहे, डांबरी रस्ते आहेत, दिव्याचे खांब आहेत, घर एकही नाही. रविवारी तिथे चालवायची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी मामा बसला, दोन फेऱ्या मारल्या, उतरला आणि म्हणाला, "बाबांना आवडली नसती." मग हसला आणि परत बसला. माझं काय झालं ते लिहीत नाही. जमिनीपासून एवढ्या खाली बसलं की तीसचा स्पीडही ऐंशीसारखा वाटतो, एवढं सांगतो.

आता खरा मुद्दा.

अशा गाडीला आपल्याकडे कागद नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सीएनजी किटसारखे परवानगीचे बदल सोडले, तर उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे पुन्हा ठामपणे सांगितलं. बरं, नवीन गाडी म्हणून नोंदवावी तर तिला आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता लागते, आणि तो नियम उत्पादकासाठी आणि आयातदारासाठी लिहिलेला. मी दोन्ही नाही. इंग्लंडात घरी बनवलेली एकटी गाडीही तपासायला नेता येते, पास झाली तर नंबर मिळतो. आपल्याकडे तसं दार नाही. हे सगळं मी फियाट कापायच्या आधी वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. "बघू" म्हणून टॅब बंद केला होता.

मामाकडे उपाय तयार होता. फियाट कापताना त्याने एक वीतभर तुकडा जपून ठेवला होता. चासी नंबरचा. "हा इथे पुढे वेल्ड करू. आरसी आहे. इंजिन तेच, नंबर तोच. नूतनीकरणाचं बघणारा एक जण आहे ओळखीचा. कागदावर फियाट, रस्त्यावर आपली गाडी. रोहा ते पेण कोण थांबवतोय?"

मी म्हटलं, मामा, चोरीच्या गाड्यांचं हेच करतात.

"आपण काय चोरलंय?" त्याने मोबाईल काढून पुन्हा तोच व्हिडिओ दाखवला, सांगलीच्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचा. भंगारातून, बाईकसारखी किक मारून चालू होणारी जीप बनवली आणि आनंद महिंद्रांनी जानेवारी २०२२ मध्ये त्यांना बोलेरो दिली. "बघ, त्याचं कौतुक झालं!"

"मामा, बोलेरो कशाच्या बदल्यात दिली? ती गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असं महिंद्रांनी स्वतःच लिहिलं होतं."

खरं सांगू? माझं मनही तुकड्याच्या बाजूनेच होतं. ती गाडी वडखळ नाक्यावरून न्यावी, कार्ले खिंड चढावी, आणि कुणा एसटीच्या खिडकीत एखादं पोरगं उभं राहावं... फार वेळा बघितलंय मी ते चित्र. कायद्याचा फार पुळका मलाही नाही.

पण त्याच्या आदल्या रविवारी एक झालं होतं. प्लॉटिंगमध्ये ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली. आम्हाला वाटलं ड्रम. संध्याकाळी चाक काढलं तर पुढच्या विशबोनच्या ब्रॅकेटला, जिथे तो सांगाड्याला जोडलाय, केसाएवढी चीर. पाईप नव्हता फाटला. वेल्ड सुटत होता. माझा वेल्ड. वरून सुबक दिसत होता, आत पाईपला नीट धरलंच नव्हतं. स्पीड किती? तीस. साठला आणि समोरून शाळेची रिक्षा असती तर?

माझ्या टीममध्ये चार ओळी बदलल्या तरी दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि चुकलं तर फार तर रात्री फोन वाजतो. इथे माझा वेल्ड मीच पाहिला आणि मीच पास केला होता. त्यात खोट्या कागदावरचा विमा. ज्याला धडकलो असतो त्याला कुणी काय दिलं असतं?

हे मी मामाला सांगितलं, जरा जास्तच इंजिनिअरी थाटात. तो एवढंच म्हणाला, "म्हणून सांगत होतो, वेल्डिंग मी करतो." आणि उठून गेला. नंतर महिनाभर फोन नाही. मी केला की मामी उचलायची, "गिऱ्हाईक आहे रे," म्हणायची. आईने दोन्हीकडून ऐकून घेतलं आणि कुणाचीच बाजू घेतली नाही, हे तिचं नेहमीचं.

अडचण अशी की फियाटची नोंदणी रद्द करायची तरी मालकाची सही हवी. गाडी वापरातून कायमची बाद झाली तर मालकाने तसं कळवून आरसी परत करायची, हे कलम ५५. कायदा चौदा दिवस किंवा शक्य तितक्या लवकर म्हणतो. आमचे चौदा दिवस केव्हाच उलटले होते. मी अर्ज टाईप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

मग एका सोमवारी मी वर्क फ्रॉम होम घेऊन पेणलाच होतो, तर सकाळी साडेनऊला दारात मामा. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत आजोबांच्या हाताने खाकी कव्हर घातलेलं आरसी बुक, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो तुकडा. "आरटीओ किती वाजता उघडतं?"

खिडकीसमोर रांग होती. अर्जावर सही करायच्या आधी मामाने आरसी बुक एकदा उघडलं, आजोबांच्या नावाच्या पानावर बोट ठेवलं, मिटलं आणि सरकवलं. पुढे कसले कागद लागतील, तुकड्याचं काय करायचं, ते कळवतील म्हणाले. आम्ही बाहेर आलो.

"पोच घेतलीस?"

"घेतली."

"दे इकडे." त्याने ती चार घड्या घालून खिशात ठेवली, तुकड्याची पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली. किक मारता मारता म्हणाला, "शनिवारी ये. तो ब्रॅकेट कापून ठेव. वेल्ड मी करतो, तू बघ. आणि बाकीचे तुझे सगळे वेल्डही घासून ठेव, एकेक तपासतो."

एकूण चौऱ्याऐंशी आहेत. काल बावीस झाले, त्यातले पाच नापास.