दोनशे छप्पन्न जागा

आजच्या संगणकाने एका चित्रात १,६७,७७,२१६ रंग मांडण्याची सोय करून ठेवली आहे. एवढ्या रंगांना नावे द्यायची म्हटली तर शब्दकोश अपुरा पडेल. तरीही आमचे मन रमते ते मोजक्या रंगांच्या चित्रात. १९८७ साली निघालेल्या जिफ या प्रकारच्या चित्राचा रंगतक्ता फार तर २५६ जागांचा. त्याहून अधिक रंगांना तेथे थाराच नाही.

या चित्राचा कारभार एखाद्या सरकारी कचेरीला शोभावा असा असतो. ठिपक्याजवळ स्वतःचा रंग नसतो. असतो तो केवळ एक क्रमांक. रंगाची नोंद तक्त्यात. ठिपका म्हणतो, "मी १४३," आणि तक्ता सांगतो, "१४३ म्हणजे तांबूस तपकिरी." तक्त्यातील त्या जागेवर निळा बसवला, की चित्रभर विखुरलेले ते सारे ठिपके एका क्षणात निळे होतात, एकालाही हात लावावा लागत नाही. खुर्ची तीच, दाराबाहेरची पाटी बदलली, की सारी शाखा नव्या साहेबांच्या रंगात! बदल्यांवर बदल्या झेललेल्या आमच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

परंतु या जागा भरताना जो न्याय लावतात तो आम्हांला कधीच पटलेला नाही. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या एका पद्धतीत रंगांचे असे गट पाडीत जातात, की प्रत्येक गटात ठिपक्यांची संख्या साधारण सारखी यावी. मग गटागणिक एक सरासरी रंग. ज्याचे ठिपके अधिक, त्याच्या वाट्याला छटा अधिक. मूठभर ठिपक्यांच्या रंगाने मुकाट्याने शेजारच्या बहुसंख्य रंगात विलीन व्हावे.

आमच्या संग्रही आईचे एक छायाचित्र आहे, १९९८ सालचे. कोकणातल्या घराच्या जांभ्याच्या भिंतीशी ती उभी आहे. मागे पोफळीची बाग. मूळ प्रत पुढे वाळवीने खाल्ली. उरली ती एका दुकानदाराने २५६ रंगांत करून दिलेली. पोफळींच्या हिरव्याला तीत कितीतरी जागा मिळाल्या आहेत. आईच्या कपाळावरचे कुंकू अवघे अकरा ठिपक्यांचे. त्याला एकही नाही. ते भिंतीच्या जांभ्यात जमा झाले, क्रमांक १४३. कुंकू उजळावे म्हणून तक्त्यात लाल चढवावा, तो सारी भिंत कुंकवाने माखते.

जाणकार सांगतील, चित्र आधी पूर्ण रंगांच्या पद्धतीत न्यावे आणि हवे ते रंगवावे. खरे आहे. पण तेथे मऊ कुंचला फिरवला, की त्याच्या कडांशी नवनवे रंग न विचारता उपजतात. आईच्या कपाळावर असे उपरे रंग आम्हांला नको होते. तक्त्यात निदान प्रत्येकाची नोंद असते.

तेव्हा आम्ही रिक्त जागेच्या शोधाला लागलो. दोन हिरव्या छटा अशा सापडल्या, की डोळ्याला त्यांतला भेद कळू नये. एकीचे सारे ठिपके दुसरीच्या क्रमांकावर वर्ग केले. बागेने तक्रार केली नाही. रिकामा झालेला क्रमांक होता ८७. मग गिम्प या मोफत मिळणाऱ्या साधनात चित्र भिंगाखाली धरावे तसे मोठे केले आणि एका ठिपक्याएवढ्या टोकाच्या पेन्सिलीने ते अकरा ठिपके एकेक करून १४३ वरून ८७ वर आणले. या कामाला एक संध्याकाळ पुरली. जागा शोधायला मात्र आठवडा लागला होता.

राहिला प्रश्न ८७ व्या जागेवर कोणता लाल नेमावा हा. छायाचित्राची साक्ष येथे संपते. आम्ही रत्नागिरीला ताईला विचारले. ती म्हणाली, "अरे, आई आधी मेण लावायची आणि त्यावर पिंजर. मेणावर रंग दाट चढतो. भडक करू नकोस हो." त्याप्रमाणे गडद लाल बसवला आणि प्रत दिल्लीला धाकट्या भावाला पाठवली. त्याला तो फार काळपट वाटला. त्याच्या आठवणीतली आई सणाच्या सकाळची, नुकतेच कुंकू लावून स्वयंपाकघरात शिरलेली. तूर्त ८७ व्या जागेवर ताईच्या पसंतीच्या लालाची तात्पुरती नेमणूक आहे. भावाचा अर्ज विचाराधीन आहे.