धानाच्या मुलखातून

भिवापूर



नागपूर सोडून उमरेड रोड धरला की आधी कोळसाखाणीचे मातीचे डोंगर लागतात. मग भिवापूर येतं आणि नाक झोंबायला लागतं. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण राहण्याची सोय असलेल्या आमच्या गाडीतल्या आम्हा दोघांशी तिची पहिली ओळख झाली ती ठसक्यानं. सातऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या खळ्यावर, बायका ओळीनं बसून देठ खुडतात. नाकातोंडावर पदर घट्ट, बोटं मात्र उघडीच. त्यातल्या एका काकूंनी गाडीत डोकावून शेगडी, बेसिन, पलंग सगळं निरखलं आणि विचारलं, "घरदार नाही का जी तुमाले?" घर आहे म्हटल्यावर त्यांना जास्तच नवल वाटलं.

नागभीड

नागपूरहून इथवर येणारी नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ साली बंद झाली. रस्त्यावरची गर्दी पाहिली की तिची उणीव कळते.

इथून खरी झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा धानाचा पट्टा. कोहळी समाजानं बांधलेल्या जुन्या तलावांवर, म्हणजे मामा तलावांवर, इथली शेती पिढ्यान् पिढ्या उभी आहे. जानेवारीत धान घरात आलेलं असतं, तरी बांध्या हिरव्याच. कापणीआधी उभ्या धानातच लाखोरीचं बी फेकून ठेवतात. तिचे कोवळे शेंडे खुडणाऱ्या आजीबाईंनी ओटीतली भाजी मूठभर दिली. पैसे विचारले तर रागावल्या.

वडसा

बाबा, तुम्हाला नाटकाचं वेड, म्हणून हे सविस्तर. धान विकून हाती पैसा आला की दिवाळीपासून होळीपर्यंत या भागात गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात, आणि त्या साऱ्या व्यवहाराची पेठ म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. कंपन्यांची कार्यालयं इथंच. गावचं मंडळ येतं, तारीख ठरवतं, विसार देतं. या नाटकांची मुळं दंडार आणि खडी गंमत या लोककलांत. आता मात्र तीन अंकी सामाजिक नाटक, मध्येच लावणी, वाद्यवृंद समोर हजर. गडचिरोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीचे नट. पाच हजारांवर प्रयोग करून २०२३ साली ते पद्मश्री झाले. पुण्या-मुंबईच्या नाट्यचर्चेत हा मुलूख क्वचितच येतो, हे मात्र खटकतं.

शेजारच्या गावात दिवसा शंकरपट होता. बैलांची शर्यत पाहायला आलेले पाहुणे रात्री नाटकाला थांबले. घरोघरी वडे तळले जात होते. लग्नाच्या मुलामुलींची पाहणीही यातच उरकते. शेतात कनाती लावून मंडप उभा, प्रेक्षकांची जागा खोदून उतरती केलेली, म्हणजे मागच्यालाही रंगमंच नीट दिसतो. चादरी, शाली, झोपलेली पोरं. पहाटेच्या थंडीत खलनायक मार खात होता, तरी कुणी उठेना.

नाटक सुटल्यावर कंपनीचे व्यवस्थापक गाडीभोवती एक चक्कर मारून आले. आत किती जण झोपू शकतील, गाडी डिझेल किती पिते, सारं विचारून घेतलं. दोघंच झोपतात म्हटल्यावर त्यांचा सगळा रस संपला आणि ते ट्रकमध्ये पडदे चढवणाऱ्या पोरांवर ओरडायला निघून गेले.