गप्प बसलेलं ओझं

ठाण्यातल्या माजिवड्याला तीन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, गायमुखकडे जाणारा घोडबंदर रस्ता आणि साकेत, खारेगाव करत निघणारा नाशिकचा हायवे. उरणच्या जेएनपीटी बंदरातून गुजरातेत जाणारे कंटेनरही खारेगावमार्गे येऊन इथूनच वळतात. पुलाखाली घटकाभर उभं राहिलं की दिसतं, इथून जाणारं जवळजवळ प्रत्येक चाक काही ना काही लादून, आवळून, बांधून निघालेलं असतं. ट्रकच्या ताडपत्रीवरून आलेला दोर आकड्यात घालून क्लीनर पाय रोवतो, मागे झुकतो आणि अंगाचा सगळा भार त्या दोरावर टाकतो. एक आकडा झाला की पुढचा. मला ते बघायला मनापासून आवडतं.

सायकलवाल्याचं ओझं त्यामानाने किरकोळ. मागच्या कॅरियरच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या दोन पिशव्या, म्हणजे पॅनियर. त्यात दोन-तीन दिवसांचे कपडे, पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब, पाणी, थोडी चिक्की. पण इथून कसाऱ्याच्या दिशेने निघायचं तर याच ट्रकांच्या शेजारून, रस्त्याच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून जायचं असतं. तिथे पिशवी निसटून चाकात गेली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून पॅनियर बसवण्याचं काम मी घाईत उरकत नाही आणि बरोबरच्या कुणाला उरकूही देत नाही.

ही विद्या या वाटेला नवी नाही. कोकणपट्टीचं मीठ थळ घाटाने, म्हणजे याच कसारा घाटाने, देशावर चढायचं ते वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. पाठीवर आडवी टाकलेली गोणी दोन्हीकडे सारखी भरलेली हवी. एक बाजू जड झाली की गोणी फिरणार आणि बैलाची पाठ सोलवटणार. पुढे हेच शहाणपण दूधवाल्याच्या सायकलीवर आलं. आमच्या आळीत यायचा त्याच्या किटल्या जाड सळईच्या आकड्यांनी कॅरियरला दोन्हीकडे लटकलेल्या असत. किटली जिथे सायकलीला टेकायची तिथे त्याने जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. एका घरी डाव्या किटलीतून माप घातलं, तर पुढच्या घरी उजवीतून. दूध उतरत जाई, पण सायकल एका अंगाला कधी ओढली गेली नाही. भरल्या किटल्यांनिशी तो खडबडीत गल्लीतून जाई तेव्हा घंटीशिवाय त्याच्या सायकलीचा दुसरा आवाज येत नसे. ओझं बांधलं की ते गप्प बसलं पाहिजे, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो.

आधी कॅरियर. जुन्या काळ्या सायकलीचा कॅरियर मागच्या आसाच्या नटाखाली चिमटलेला असे आणि त्याचे पाय चपट्या पट्टीचे. आजच्या पॅनियरचा हुक गोल नळीसाठी केलेला असतो. चपट्या पट्टीवर तो धड बसत नाही. लांबच्या प्रवासाचा कॅरियर फ्रेमला खाली दोन आणि वर दोन ठिकाणी, बहुधा पाच मिलिमीटरच्या बोल्टांनी आवळला जातो. करंगळीहूनही बारीक असे हे चार बोल्ट सगळं सामान तोलून धरतात. त्यांच्या आट्यांवर बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकचा थेंब आणि डोक्याखाली वायसर, एवढी काळजी त्यांची घ्यायलाच हवी.

मग हुक. कॅरियरची नळी कुठे 8 मिलिमीटरची, कुठे 10, 12 किंवा 16 ची. चांगल्या पॅनियरबरोबर हुकाच्या पोटात बसवायचे प्लास्टिकचे छोटे तुकडे येतात. पुष्कळ जण ते खोक्यातच ठेवून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नळी दहाची आणि हुक सोळाचा, तर मधल्या फटीत पिशवी प्रत्येक खड्ड्याला टकटक करते. ती टकटक म्हणजे झीज. आधी नळीचा रंग जातो, मग हुक धातू खायला लागतो.

वरचे दोन हुक अडकले, कट्ट वाजलं, की काम झालं असं वाटतं. पण वरचे हुक नुसतं वजन पेलतात. पिशवी बाहेर झुलू न देणं हे खालच्या एकट्या हुकाचं काम. तो पिशवीच्या पाठच्या पट्टीवर पुढेमागे सरकतो, गोल फिरतो, आणि कॅरियरच्या तिरक्या पायामागे जाऊन बसावा लागतो. स्क्रू सैल करा, पिशवी लावून बघा, काढा, बोटभर सरकवा, पुन्हा लावा. मध्येच पायडल उलटं फिरवून टाच पिशवीला लागत नाही ना तेही बघा. लागत असेल तर सगळी पिशवी मागे न्या. बसली असं वाटलं की तिचा तळ धरून बाहेर ओढा. ओढल्यावर नुसती पिशवी हलली तर अजून काम बाकी आहे. तिच्याबरोबर अख्खी सायकल कलायला लागली, म्हणजे ती बसली.

हार्टमुट ऑर्टलीब या जर्मन माणसाने 1982 मध्ये अशा पिशव्यांची कंपनी काढली. इंग्लंडच्या पावसात सायकलवरचं सामान भिजलेलं असताना त्याला ट्रकवरची ताडपत्री दिसली, आणि पहिली पिशवी त्याने ट्रकच्या ताडपत्रीचीच शिवली. माजिवड्याला उभं राहून ही गोष्ट आठवली की तो माणूस मला आपल्यातलाच वाटतो.

कॅरियरच्या माथ्यावर तंबू किंवा चटई बांधायला आकड्यांचं रबर सगळे वापरतात. मी ते सोडून दिलं. रबर ताणलं जातं, म्हणजे खड्ड्यात सामान उडतं आणि परत आपटतं. त्याचा आकडा सुटला तर थेट आऱ्यांत जातो. क्लीनरचा दोर ताणला जात नाही, म्हणून तर तो एवढा जोर लावतो. मी बक्कल असलेला पट्टा आवळतो आणि उरलेलं टोक आत खोचतो. जड वस्तू, हत्यारं आणि पाणी, पिशवीच्या तळाशी, कपडे वर. दोन्ही पिशव्या दोन हातांत उचलून तोलायच्या, दुसरा काटा लागत नाही.

नव्याने बसवलेला कॅरियर पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडा सैल होऊ शकतो. खाडीपूल ओलांडून मानकोलीच्या आसपास मी उतरतो आणि प्रत्येक बोल्टाला अ‍ॅलन की लावून बघतो. बरोबरच्यांना हे थांबणं कधीकधी नको वाटतं, विशेषतः ऊन चढायच्या आत पडघा गाठायचा असतो तेव्हा. तरी मी थांबतो. पावसाळ्यानंतर तर आणखी, कारण या रस्त्याचे खड्डे बुजवले तरी उंचवटे राहतात. पाच मिलिमीटरचे दोन जादा बोल्ट मी फ्रेमच्या रिकाम्या भोकांत आधीच पिळून ठेवलेले असतात. पिशवीच्या तळाशी पडलेला बोल्ट कसारा घाटात अंधारात सापडत नाही. फ्रेमवरचा हाताने चाचपला तरी लागतो.