लोणारचें सरोवर

बीबीच्या परिसरांत राहणाऱ्या आपणां लोकांस लोणारचें नांव नवें नाहीं. बाजारास, जत्रेस अथवा सोयऱ्यांकडे आपण तेथें जातों; परंतु ज्याच्यासाठीं परदेशचे विद्वान हजारों मैलांचा प्रवास करून येतात, तें सरोवर लक्ष देऊन पाहणारे आपणांत थोडेच! म्हणून त्याची अल्प माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद व काठापासून सुमारें १५० मीटर खोल आहे. विष्णूनें लवणासुरास येथें मारिलें, अशी लोककथा आहे. गांवांतील दैत्यसूदनाचें कोरीव देऊळ तिचेंच स्मारक होय. कथा कांहींही असो, असुराच्या नांवांतच पाण्याचा खारटपणा आमच्या पूर्वजांनीं नोंदून ठेविला आहे! अबुल फझलच्या ‘ऐने अकबरी’तही येथील खाऱ्या पाण्याचा उल्लेख येतो. नवल असें कीं, काठावर गोमुखाची धार गोड आणि खालीं सरोवर खारें.

१८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. पुढें बराच काळ पुष्कळ विद्वान यास ज्वालामुखीचें मुख मानीत. परंतु प्रचंड आघातावांचून न बनणारी कांच येथील खडकांत सांपडल्याचें १९७३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि हें विवर आकाशांतून कोसळलेल्या अशनीचें, हें मत दृढ झालें. त्याचें वय प्रथम सुमारें ५०,००० वर्षें सांगत. नव्या मोजणीनें तें सुमारें ५,७०,००० वर्षें निघालें. पुरावा मिळतांच मत बदलणें हीच विद्येची खरी प्रतिष्ठा होय. स्वीडन देशांतील सिल्यान सरोवरही अशाच आघाताच्या खुणेंत वसलें आहे. मात्र तो आघात कोट्यवधि वर्षांपूर्वींचा.

जून २०२० मध्यें लोणारचें पाणी गुलाबी झालें. पाणी आटून क्षार वाढले व त्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं तो रंग आणिला, असें तपासांत आढळलें. त्याच वर्षीं रामसर कराराच्या यादींत सरोवराचा समावेश झाला. परंतु यादींत नांव चढल्यानें पाणी राखलें जात नाहीं. गांवचें सांडपाणी व शेतांतील औषधें आंत उतरूं लागलीं, तर त्या खाऱ्या पाण्यावरच जगणारी ही सूक्ष्म सृष्टि बिघडल्यावांचून राहणार नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, तेथें जाल तेव्हां आठवण म्हणून खडे उचलूं नका, कचरा टाकूं नका. पालकांनींही मुलांस हें सांगावें. ईश्वरानें जें क्षणांत घडविलें, तें राखण्याचें काम पिढ्यान् पिढ्या चालावयाचें आहे, आणि त्यांतील आपली पाळी आतां आली आहे.